पंधरा वर्षं जुन्या केसचं वॉरंट आणि कोर्टाजवळचं वकिलांचं ऑफिस: माझा अनुभव

आधी सांगतो, वकीलसाहेबांचं नाव इथं देणार नाही. मी विचारलं होतं त्यांना, "साहेब, चार लोकांना कळू दे की, लिहितो मी." ते म्हणाले, "लिही, पण माझं नाव घालू नको. वकिलाला जाहिरात करता येत नाही." बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३६वा नियम तोच आहे म्हणे. म्हणून एवढंच सांगतो, बेळगावात कोर्टाच्या आवारापासून चन्नम्मा चौकाच्या बाजूला चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे. नाव नसलं तरी काम कसं झालं ते सगळं सांगतो. तुमचं प्रकरण असलं असेल तर दुसरा कुठलाही वकील त्याच मापानं तपासून घेता येईल.

माझं वय ३८. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःची दोन लेथ मशीनं आहेत, फाउंड्रीवाल्यांची जॉबवर्कची कामं घेतो. २००९ च्या डिसेंबरात मी २३ वर्षांचा होतो. संध्याकाळी साडेसहा-सातला येळ्ळूर रस्त्यानं मोटारसायकलवरून घरी येताना पुढं चाललेल्या एका सायकलला माझी धडक बसली. सायकलवर दुधाच्या किटल्या होत्या. म्हातारे गृहस्थ पडले, कोपर नि गुडघा सोलवटला, कपाळाला तीन टाके पडले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. मी स्वतःच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि १,८०० रुपये बिल भरलं. पोलिसांत नोंद झाली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम २७९ म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं, आणि ३३७ म्हणजे त्यातून दुखापत. दोन्हीला जास्तीत जास्त सहा महिने किंवा दंड, किंवा दोन्ही. दोन्ही जामीनपात्र. ठाण्यातनं त्याच रात्री सुटलो. चुलते जामीन राहिले.

२०१० च्या जूनमध्ये समन्स आलं. अख्खं कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलायला येतं, वाचायला बसवरच्या पाटीपुरतं. चुलत्यांनी ओळखीच्या एका वकिलांकडं नेलं (हे दुसरे, आता हयात नाहीत, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही). कोर्टात उभा राहिलो, चुलत्यांनी पुन्हा बाँड लिहून दिला, पुढची तारीख पडली. वकील म्हणाले, "किरकोळ केस आहे, मी बघतो." ऑगस्टमध्ये मला भोसरीत नोकरी लागली आणि मी गेलो. एक तारीख चुकली, मग दुसरी. चुलत्यांचा फोन यायचा, "तारखेला ये की रे." मी म्हणायचो, "काका, सुट्टी मिळत नाही, वकील आहेत की तिथं." असं करत विषय मागं पडला. २०१७ ला बेळगावला परत आलो तोवर चुलते वारले होते, ते वकीलही. माझी पक्की समजूत होती की एवढ्या वर्षांत ती केस आपोआप संपली असणार. मशीन घेतलं, कर्ज काढलं, मुलगी शाळेत जायला लागली. कुणी काही विचारलं नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की पोलिसांना जुनी वॉरंटं बजावायचं काम लावतात, हे मला तेव्हा कळलं. वडगावात आम्ही आधी भाड्यानं राहायचो, त्या घरमालकांचा सकाळी फोन आला. "अरे, दोन पोलीस येऊन गेले. तुझं नाव घेऊन विचारत होते. वॉरंट आहे म्हणाले." मी मशीनवर होतो. मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिलो. शेजारच्या शेडमधला पोरगा येऊन म्हणाला, "अण्णा, चक्कर आली काय?"

त्या दिवसापासून आठ दिवस मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून लिहितोय. बायकोला सांगितलं नाही. रात्री गाडीचा आवाज आला की उठून खिडकीतनं बघायचो. एका ओळखीच्यानं एक एजंट गाठून दिला. तो म्हणाला, "१५ हजार द्या, ठाण्यातच मिटवतो, कोर्टाचं तोंड बघायला नको." मी पैसे काढून आणले होते. खोटं कशाला सांगू, पाकीट खिशात होतं. पण त्या दिवशी तो भेटला नाही, आणि संध्याकाळी उद्यमबागेतल्याच एका मालकांनी, त्यांची चेक बाउन्सची केस हे वकीलसाहेब बघतात, मला हाताला धरून त्यांच्याकडं नेलं.

ऑफिस लहान. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला फाइलींची कपाटं, एक ज्युनियर मुलगी कॉम्प्युटरवर. साहेब पन्नाशीचे, बोलणं हळू. मी एजंटचं सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "वॉरंट कोर्टानं काढलंय. ज्या कोर्टानं काढलं तेच ते रद्द करणार, नाहीतर ते बजावलं जाणार. तिसरा रस्ता कायद्यात नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०, पोटकलम २. पोलिसांना वॉरंट मिटवायचा अधिकारच नाही. ते १५ हजार गेले असते आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा पोलीस दारात आले असते."

मी म्हटलं, "पण साहेब, तीन वर्षांनी केस मरते म्हणतात की?" हे मी उद्यमबागेत दहा जणांकडून ऐकलेलं. ते म्हणाले, मुदतीचा कायदा आहे तो कोर्टानं गुन्ह्याची दखल कधीपर्यंत घ्यायची याचा आहे. सहा महिने शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्ष, एक ते तीन वर्षं शिक्षेच्याला तीन. तुझ्या केसची दखल २०१० लाच वेळेत घेतली गेली. एकदा घेतली की झालं. वॉरंटला तसली मुदत नसते. पन्नास वर्षं झाली तरी ते जिवंत.

हे ऐकून मला धीर आला, हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट सांगत होतं की मी कुठं उभा आहे.

मग त्यांनी फी सांगितली, आणि तुकडे पाडून सांगितली. वॉरंट रद्द करून जामीन होईपर्यंत ६ हजार. त्यानंतर केस संपेपर्यंत ४ हजार. स्टॅम्प, प्रतिज्ञापत्र, नकला यांचा खर्च वेगळा, होईल तेवढा, आणि तो शेवटी ७४० रुपये झाला. आधी एका दुसऱ्या ठिकाणी मला ३० हजार सांगितले होते आणि कशाचे ते सांगितलं नव्हतं. इथं एक उणं सांगतो, पावती मागावी लागली. मागितल्यावर लगेच हातानं लिहून दिली, पण न मागता द्यायला हवी होती.

पहिलं काम केस शोधायचं. माझ्याकडं एकही कागद नव्हता. नंबर माहीत नाही, कुठलं कोर्ट माहीत नाही. ज्युनियर ताईंनी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावानं शोधायला घेतलं. सापडेना. माझ्या आडनावात 'ळ' आहे. कन्नडमध्ये 'ळ' आहे, मराठीत आहे, इंग्रजीत आला की त्याचं काय होईल ते टायपिस्टच्या मनावर. एका एल्‌नं नाही, दोन एल्‌नं नाही, शेवटी आडनाव अर्धंच घालून साल २०१० दिल्यावर खाली माझं नाव आलं. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर. त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाल्या, "हा पाठ करा. जन्माचा दाखला समजा." तुमचं असलं काही जुनं असेल तर नाव तीन-चार तऱ्हेनं लिहून बघा, एकदा सापडलं नाही म्हणून केस नाही असं धरू नका.

स्थिती काय, तर एलपीसी. म्हणजे लाँग पेंडिंग. आरोपी सापडत नाही म्हणून कर्नाटकात कोर्ट केस त्या रजिस्टरला टाकतं. फाइल कपाटात जाते, वॉरंट मात्र चालू राहतं.

दोन दिवसांनी त्यांनी फाइल बघून ऑर्डर शीटच्या झेरॉक्स आणल्या. ऑर्डर शीट म्हणजे महाराष्ट्रात ज्याला रोजनामा म्हणतात तो. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या दोन-दोन ओळी. काही इंग्रजी, काही कन्नड, हातानं लिहिलेल्या. त्या दिवशी संध्याकाळी साडेसातपासून नऊपर्यंत साहेबांनी ती मला ओळीनं वाचून मराठीत सांगितली. त्यांना गरज नव्हती. फी त्यावर नव्हती. "तुझी केस आहे, तुला माहीत पाहिजे," एवढंच म्हणाले. माझ्या मते या ऑफिसला गुण द्यायचे तर या दीड तासाचे.

आरोपी गैरहजर, वकिलांचा अर्ज, मंजूर. आरोपी गैरहजर, वकिलांचा अर्ज, मंजूर. आरोपी गैरहजर, वकीलही गैरहजर. समन्स काढा. समन्स परत, 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही'. बेलेबल वॉरंट काढा. वॉरंट परत आलं नाही, पुन्हा काढा. मग २०११ च्या अखेरीला तीन इंग्रजी अक्षरं, एनबीडब्ल्यू. नॉन-बेलेबल वॉरंट, म्हणजे धरलं की ठाण्यातनं जामिनावर सुटका नाही, थेट कोर्टापुढं. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तेच, 'पुन्हा काढा'. मी प्रत्येक तारखेला मनात बघत होतो, मी तेव्हा कुठं होतो. भोसरीत रात्रपाळी. लग्नाची बोलणी. मुलगी झाली त्या महिन्यातसुद्धा एक तारीख होती.

आणि मध्येच साहेब थांबले. म्हणाले, "जामीनदार तुझे कोण?" मी म्हटलं, चुलते. त्यांनी वाचलं, "जामीनदार नोटिशीप्रमाणे हजर. आरोपीला हजर करण्यास असमर्थ. बाँडपोटी दंड रुपये २,००० भरला. जामीनदार मुक्त." साल २०१२.

मला माहीत नव्हतं. माझे चुलते हमाली करायचे, मार्केट यार्डात. २०१२ मध्ये दोन हजार म्हणजे त्यांच्या किती दिवसांच्या पाठीवरचं ओझं, तो हिशोब मी तिथं बसून केला. फोनवर ते एवढंच म्हणायचे, "तारखेला ये की रे." दंडाचं एका शब्दानं बोलले नाहीत. घरी जाऊन काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "होय की. माझ्या कानातलं ठेवलं होतं तेव्हा. सोडवलं पुन्हा." मी त्याच रात्री बायकोला सगळं सांगितलं.

पुढचं साहेबांनी समोर बसवून सांगितलं, आणि गोड करून सांगितलं नाही. "गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळं एरवी जामीन हा तुझा हक्क. पण तू जामिनावर असताना हजर राहिला नाहीस. त्याच प्रक्रिया संहितेत कलम ४३६ च्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय, अशा माणसाला कोर्ट पुढच्या वेळी जामीन नाकारू शकतं. मला वाटतं मिळेल. तू स्वतःहून येतोयस, धरून आणलेला नाहीस, याला कोर्ट किंमत देतं. पण खात्री मी देत नाही. तयारीनं ये." मी विचारलं, तयारी म्हणजे? "एक दिवस-दोन दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात काढायला लागले तर." त्यांचा आवाज बदलला नाही. असं स्पष्ट बोलणारा वकील मिळाला तर त्याला सोडू नका. 'काही होत नाही, मी आहे' म्हणणारे पहिले वकीलही चांगलेच होते, पण त्या शब्दांवर मी पंधरा वर्षं झोपलो.

मधे पाडवा आला, मग ईद. कोर्टाला सुट्टी. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. पुढच्या आठवड्यात ठरल्या दिवशी बायकोनं पिशवी भरली. टॉवेल, दोन बनियन, माझ्या बीपीच्या गोळ्या, चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. पिशवी भरताना ती एक शब्द बोलली नाही. मुलीला सांगितलं, बाबा कामाला निघालेत.

जामीनदार कोण? नातेवाइकांत दोघांना विचारलं, त्यांनी पाय मागं घेतला, आणि त्यांना दोष देत नाही, काकांचं काय झालं ते त्यांना माहीत होतं. शेवटी उभे राहिले सांबऱ्याकडचे एक शेतकरी. त्यांच्या पंपाचे शाफ्ट मी करून देतो. कन्नड माणूस, मराठी तोडकंमोडकं. मी सगळं खरं सांगितलं, काकांच्या दंडासकट. ते म्हणाले, "जामीन रे? बर्तीनि." येतो म्हणाले. जामीन शब्द दोन्हीकडं तोच, त्याला भाषांतर लागत नाही. त्यांचा जमिनीचा आरटीसी उतारा (आपल्या सातबारासारखा), आधार, दोन फोटो, एवढं लागलं. उतारा ताजा काढायला सांगितला होता साहेबांनी, जुनी झेरॉक्स चालत नाही.

इथं दुसरं उणं. ऑफिसचा जिना अरुंद आणि उंच, लिफ्ट नाही. त्या शेतकरीमामांचा गुडघा दुखतो, ते दोन वेळा चढले. वर बसायला जागा नव्हती, पाऊण तास जिन्यात उभे होते. ज्युनियर ताईंनी नंतर स्वतःची खुर्ची दिली. म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर आधी फोन करून खाली सही घ्यायला सांगा, ते खाली येतात.

कोर्टात साडेदहाला पोचलो. अकराला कोर्ट बसलं. साहेबांनी आदल्या दिवशीच केस एलपीसीमधून बाहेर काढायचा अर्ज दिला होता, त्यामुळं फाइल टेबलावर आलेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या शेजारच्या बाकावरचा एक माणूस फाइल आली नाही म्हणून तिसऱ्यांदा परत चालला होता. पुकारा झाला. शिपायानं माझं नाव तीनदा घेतलं. पंधरा वर्षं त्या दारात ते नाव घेतलं गेलं असेल आणि कुणी 'आहे' म्हटलं नसेल. मी आत गेलो, हात जोडले, आरोपीच्या जागी उभा राहिलो.

न्यायाधीश मॅडम होत्या. साहेब कन्नडमध्ये बोलले, जेमतेम दोन मिनिटं. आरोपी स्वतःहून हजर, नोकरीनिमित्त परगावी, पत्ता बदलला तो कळवला नाही ही चूक, आता कायम वास्तव्य इथं, धंदा इथं. मॅडमनी माझ्याकडं बघून कन्नडमध्ये विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत? साहेबांनी आधीच शिकवून ठेवलं होतं, सबब सांगू नको, आजारी होतो वगैरे तर मुळीच नको. मी माझ्या कन्नडमध्ये म्हटलं, "तप्पाय्तु, मॅडम." चुकलं. दोन शब्द. त्या क्षणभर फाइल बघत राहिल्या. मग ५०० रुपये भरायला सांगून वॉरंट रद्द केलं, नवा बाँड आणि एक जामीनदार घेऊन जामीन दिला. जामीनदारांना विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता, तारखेला आणणार का? मामा म्हणाले, "नान तर्तीनि." मी आणतो.

दुपारी तीनला बाहेर पडलो. पिशवीतल्या चपात्या आम्ही तिघांनी आवारातल्या झाडाखाली बसून खाल्ल्या.

मला वाटलं संपलं. बहुतेक लोकांचं इथंच चुकतं आणि या ऑफिसचं खरं मोल इथं कळलं. साहेब म्हणाले, "वॉरंट रद्द झालं ते कोर्टाच्या कागदावर. ठाण्याच्या यादीत तुझं नाव अजून आहे. तिथं निरोप जाईपर्यंत कुणी धरलं तर?" रद्द झालेल्या वॉरंटवर माणूस धरला गेल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे, मुंबईतल्या एका वकिलालाच १५ ऑगस्टच्या दिवशी तसं धरलं होतं. त्या प्रकरणात २०११ मध्ये कोर्टानं वॉरंटचं रजिस्टर कसं ठेवायचं, रद्द झालं की ठाण्याला कसं कळवायचं, हे घालून दिलं. नियम आहे, पण कागद हातात असलेला बरा. त्यांनी ऑर्डर शीटची सही-शिक्क्याची नक्कल मागायला अर्ज केला, चार दिवसांत मिळाली. ज्युनियर ताई माझ्याबरोबर ठाण्यात आल्या. एक प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का, तारीख, सही. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढून माझ्यासमोर नोंद केली. मग ताई म्हणाल्या, याच्या तीन झेरॉक्स काढा. एक घरात, एक गाडीच्या डिकीत, एक जुन्या घरमालकांकडं.

घरमालकांकडं ठेवायचं कशाला, मला कळलं नव्हतं. मतदान ७ मे ला होतं. त्याच्या चार-पाच दिवस आधी पुन्हा दोघं पोलीस वडगावात त्याच दारात गेले, यादी जुनीच होती त्यांच्याकडं. घरमालकांनी झेरॉक्स दाखवली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, "सरि" म्हणाले आणि गेले. मला संध्याकाळी कळलं, आणि मी जेवत होतो ते जेवण पूर्ण केलं.

उरलेली केस लवकर सांगतो. जूनमध्ये तारीख होती. साहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. लढायचं तर लढू, पंधरा वर्षांनी साक्षीदार येतील न येतील, सुटशील बहुधा. कबूल केलंस तर दंडावर मिटेल, पण 'दोषी' असं लिहिलं जाईल, ते पुसलं जात नाही. ते म्हणाले, सरकारी नोकरी बघणारा मुलगा असता तर मी त्याला कबूल करू नको म्हटलं असतं. तुझं तू ठरव. मेहुणा दुबईला आहे, कधी जायचं झालं तर पासपोर्टचं काय, हेही मी विचारलं. ते म्हणाले, अडवतं ते चालू वॉरंट आणि चालू केस. पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमात ते आहे. एवढ्या दंडाच्या शिक्षेनं अडत नाही.

मी ठरवण्याआधी येळ्ळूरला गेलो. ते दूधवाले आजोबा आहेत अजून, सत्तरी पार. ओट्यावर बसले होते. कपाळावरचा व्रण बारीक राहिलाय. ओळख दिली तर म्हणाले, "तुझी केस अजून हाय? मी तर कवाच विसरलो." चहा पाजला त्यांनी. घरी येताना ठरवलं. माझ्या गाडीचा पुढचा दिवा त्या दिवशी लागत नव्हता. दोन दिवसांपासून लागत नव्हता आणि मी बल्ब टाकला नव्हता. हे पोलिसांनी लिहिलं नव्हतं, कुणाला माहीत नव्हतं. कोर्टात उभं राहून 'मी काही केलं नाही' म्हणायला माझी जीभ उठली नसती.

मॅडमनी आरोप वाचून दाखवला. साहेबांनी आधीच विनंती केली होती की आरोपीला मराठीतून समजावून सांगावं. मला माहीत नव्हतं, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतसुद्धा एक कलम २७९ होतं आणि ते असं, की साक्षीपुरावा आरोपीला कळणाऱ्या भाषेत त्याला उलगडून सांगितला पाहिजे. दंड संहितेच्या २७९ खाली मी आरोपी, आणि प्रक्रियेच्या २७९ नं माझी भाषा राखलेली. साक्षी तर झाल्याच नाहीत, पण तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आरोप मला मराठीत नीट सांगितला, कुणी कपाळाला आठी घातली नाही. आपल्या भागात कन्नड-मराठी म्हटलं की काय काय ऐकायला मिळतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मागायचं असतं, आणि वेळेवर मागायचं असतं. २०१० मध्ये ते समन्स मी कुणाकडून तरी नीट वाचून घेतलं असतं तर काकूंचं कानातलं गहाण पडलं नसतं.

२७९ ला १,००० आणि ३३७ ला ५०० रुपये दंड. पावती घेतली. निकालाची नक्कल घेतली. काकूंना दोन हजार दिले, त्यांनी घेतले नाहीत, मग मुलीच्या हातानं कानातले पाठवले, ते घातले.

आता ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. वॉरंटचं ७० होतं ते आता ७२, जामिनाचं ४३६ ते ४७८. जुन्या चालू केसेस जुन्याच कायद्यानं चालतात. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं फुकट वकील मिळतो, फोन १५१००. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मिळतो. हे मला साहेबांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक जात असताना. मी ऐपत आहे म्हणून त्यांच्याकडंच राहिलो.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो फोनसाठी. दिवसा फोन उचलत नाहीत, आणि एकदा तारीख असताना ते खानापूरच्या कोर्टात अडकले, मला सांगितलं नाही, माझा दिवस गेला. ज्युनियर ताईंनी तारीख मागून घेतली, नुकसान झालं नाही, पण आधीच घाबरलेल्या माणसाला तिथं एकटं उभं राहणं फार जड जातं.

जायचं तर संध्याकाळी साडेसहानंतर जा, सकाळी कोर्टाच्या गडबडीत बोलणं होत नाही. आधार, जुना पत्ता जो केसमध्ये असेल तो, वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसं, आणि साल आठवत असेल तर साल, एवढं लिहून न्या. खाली चहाच्या गाड्यावर विचारलं तरी ऑफिस दाखवतात.